देवघेव: एका छोट्या एपीआयच्या नोंदी

१२ जुलै २०२५, शनिवार

पुस्तकं एकमेकांना वाचायला देणारे आम्ही चौदा जण आहोत. कोणाचं पुस्तक सध्या कोणाकडे आहे, हे आजवर एका सामायिक शीटमध्ये लिहीत आलो. पण दोघांनी एकाच पुस्तकापुढे जवळपास एकाच वेळी नाव लिहिलं की एकाचं नाव पुसलं जातं, आणि ज्याचं पुसलं त्याला पत्ताही लागत नाही. म्हणून एक साधं पान आणि त्यामागे छोटा बॅकएंड, म्हणजे सर्व्हरवर नोंदी सांभाळणारा भाग, करायचं ठरलं. पानानं त्याच्याशी बोलायची ठरलेली पद्धत म्हणजे एपीआय. पान दादा करणार, सर्व्हर माझ्याकडे.

आज कोडची एक ओळही लिहिली नाही. दोघं कागद घेऊन बसलो. आधी वाटलं होतं, ‘पुस्तक’ या टेबलातच ‘सध्या कोणाकडे’ असा कॉलम ठेवला की झालं. दादानं विचारलं, “अगं, मग हे पुस्तक याआधी कोणी वाचलं होतं ते कुठून कळणार?” तिथंच रचना बदलली. आता तीन टेबलं: सदस्य, पुस्तकं आणि उसनवारी. उसनवारीच्या नोंदीत कोणतं पुस्तक, कोणी नेलं, कधी नेलं, कधी परत आलं. परतीची तारीख रिकामी असेल तर पुस्तक बाहेर आहे. ‘सध्या कोणाकडे’ हे यातूनच काढता येतं, ते वेगळं साठवायला नको. एकच गोष्ट दोन ठिकाणी साठवली की आज ना उद्या त्या दोन ठिकाणांचं पटेनासं होतं.

पत्तेही ठरले, आणि प्रत्येकापुढची मेथड, म्हणजे त्या पत्त्यावर काय करायचं ते सांगणारा शब्द. गेट /बुक्स म्हणजे यादी, पोस्ट /बुक्स म्हणजे नवं पुस्तक, पोस्ट /लोन्स म्हणजे पुस्तक नेलं, पॅच /लोन्स/१७ म्हणजे सतरा नंबरची उसनवारी मिटली. रेस्ट ही एपीआय कसा रचावा याची कल्पना रॉय फील्डिंग यांच्या २०००च्या पीएचडी प्रबंधातली आणि तिचा पसारा मोठा आहे. आमच्या कामापुरतं त्यातून एवढंच घेतलं: पत्त्यात नाम, क्रियापद मेथडमध्ये, आणि गेट रिक्वेस्टनं सर्व्हरवरचं काहीही बदलायचं नाही. तिसरा नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ‘परत केलं’ अशी गेटची लिंक करून ती मेसेजमध्ये पाठवली, तर लिंकची झलक दाखवण्यासाठी मेसेजिंग अ‍ॅपच ती उघडून बघतं, आणि कोणी हातही न लावता पुस्तक परत आल्याची नोंद होते.

चुकीच्या उत्तरांचा साचाही आजच ठरवला. प्रत्येक एररमध्ये दोन गोष्टी असणार: प्रोग्रॅमला ओळखता येईल असा ठरलेला कोड, आणि माणसाला वाचता येईल असं मराठी वाक्य. बरोबर उत्तरांबद्दल सगळेच बोलून ठेवतात, चुकीच्या उत्तरांबद्दल कोणी बोलत नाही. मग फ्रंटएंडवाला, म्हणजे पान करणारा, अंदाजानं कोड लिहीत बसतो.

१३ जुलै, रविवार

कशात करायचं, यावर सकाळचा एक तास गेला. पर्याय भरपूर आहेत. फायरबेस आणि सुपाबेस यांत डेटाबेस, लॉगिन आणि फाइल साठवण तयार मिळते. पॉकेटबेस तर एकच फाइल आहे: आत एसक्यूलाइट (एकाच फाइलमध्ये राहणारा डेटाबेस), वर अ‍ॅडमिनचं पान, चालू केली की पोर्ट (मशीनवरच्या दाराचा क्रमांक) ८०९० वर एपीआय हजर. फोटो चढवायचे असते आणि ईमेल-पासवर्डचं लॉगिन हवं असतं तर मी डोळे मिटून पॉकेटबेस घेतलं असतं. आमच्याकडे मात्र लॉगिन जवळजवळ नाही आणि एक कडक नियम आहे: एक पुस्तक एका वेळी एकाच माणसाकडे. तो नियम कुठे आणि कसा लिहिलाय हे मला डोळ्यांसमोर हवंय. म्हणून पायथॉनमध्ये फास्टएपीआय (एपीआय लिहायची लायब्ररी) आणि साठवणीला एसक्यूलाइट.

पण दादाला तोवर थांबवून ठेवायचं नव्हतं. त्याच्यासाठी जेसन-सर्व्हर चालू केला. एका जेसन फाइलमध्ये (नाव आणि किंमत अशा जोड्यांचा साधा मजकूर) ‘बुक्स’ आणि ‘लोन्स’ अशा दोन याद्या लिहिल्या, प्रत्येकीत चार-पाच खोट्या नोंदी टाकल्या आणि एक कमांड दिली. पोर्ट ३००० वर गेट, पोस्ट, पुट, पॅच, डिलीट सगळं चालू. पोस्ट केलेलं त्या फाइलमध्ये खरोखर लिहिलंही जातं. वीस मिनिटांत दादाला काम करायला सर्व्हर मिळाला. त्यानं संध्याकाळपर्यंत यादीचं पान उभं केलं, आणि ते करता करता कागदावरच्या कराराला (कोणत्या पत्त्यावर काय पाठवायचं आणि काय परत येणार, ते) तीन दुरुस्त्या सुचवल्या. यादीतच पुस्तक बाहेर आहे की नाही हे हवं, नाहीतर प्रत्येक पुस्तकासाठी वेगळी रिक्वेस्ट जाते, ही त्यातली मोठी. खऱ्या सर्व्हरचं कोड लिहून झाल्यावर हेच कळलं असतं तर अर्धा दिवस गेला असता.

१४ जुलै, सोमवार

वेळ मिळाला नाही. सुधारलेला करार एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहून रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) टाकला, एवढंच.

१६ जुलै, बुधवार

खरा सर्व्हर उभा राहिला. दोन तास लागले, त्यातला एक तास एकाच चुकीत गेला.

सुरुवात सरळ होती. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, फास्टएपीआय इन्स्टॉल, एक मुख्य फाइल, एक टेबलांची एसक्यूएल फाइल. पुस्तकाचा साचा पायडँटिक या तपासणीच्या लायब्ररीच्या मॉडेलमध्ये लिहिला: शीर्षक रिकामं नको, २०० अक्षरांपेक्षा लांब नको. त्यानंतर कोणी रिकामं शीर्षक पाठवलं तर ४२२ (पाठवलेलं नियमात बसत नाही, असं सांगणारा उत्तराचा आकडा) आपोआप जातं आणि कोणत्या फील्डमध्ये चूक आहे तेही सांगितलं जातं. त्या ४२२चा साचा मात्र फास्टएपीआयचा स्वतःचा आहे, आम्ही ठरवलेला नाही. त्यासाठी एक एरर हँडलर लिहून उत्तर आमच्या ‘कोड आणि वाक्य’ या साच्यात बसवलं. /डॉक्स या पत्त्यावर सगळ्या एंडपॉइंट्सचं (एपीआयच्या पत्त्यांचं) पान तयार मिळतं आणि तिथूनच रिक्वेस्ट पाठवून बघता येते. दादाला ते पान माझ्या टेक्स्ट फाइलपेक्षा जास्त आवडलं.

चूक अशी. डेटाबेसचं कनेक्शन मी फाइलच्या वरच्या टोकाला एकदाच उघडलं होतं. पहिली रिक्वेस्ट पाठवली आणि उत्तर आलं: ज्या थ्रेडमध्ये (प्रोग्रॅममधल्या कामाच्या धाग्यात) एसक्यूलाइटचा ऑब्जेक्ट तयार झाला, त्याच थ्रेडमध्ये तो वापरता येईल. फास्टएपीआयमध्ये साधं ‘डेफ’ लिहून केलेलं फंक्शन थ्रेडपूलमध्ये चालतं, म्हणजे कनेक्शन एका थ्रेडचं आणि ते वापरणारा दुसराच. इंटरनेटवर याला सरसकट एकच उपाय सांगतात: ती तपासणी बंद करा. नुसती बंद केली असती तर एरर गेला असता, पण सगळ्या रिक्वेस्ट एकाच कनेक्शनवर आल्या असत्या आणि एकाचं ट्रान्झॅक्शन (एकत्र व्हायचे बदल) दुसऱ्यानं मध्येच कमिट, म्हणजे पक्कं, केलं असतं. योग्य मार्ग म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टला स्वतःचं कनेक्शन, काम झालं की बंद. ते डिपेंडन्सीतून, म्हणजे फास्टएपीआय एंडपॉइंटच्या आधी चालवतं त्या फंक्शनमधून, दिलं. डिपेंडन्सी आणि एंडपॉइंट वेगवेगळ्या थ्रेडमध्ये चालू शकतात, म्हणून तपासणी तरीही बंद करावी लागते. पण आता ती बंद करणं सुरक्षित आहे, कारण एक कनेक्शन एकाच रिक्वेस्टचं आहे.

कनेक्शन उघडल्या उघडल्या फॉरेन की (नोंदीतला आयडी दुसऱ्या टेबलात खरंच आहे ना, ही तपासणी) चालू करायची ओळही घातली. एसक्यूलाइटमध्ये ती तपासणी मुळात बंद असते आणि प्रत्येक कनेक्शनला नव्यानं चालू करावी लागते. ही ओळ विसरली तर अस्तित्वात नसलेल्या पुस्तकाची उसनवारी डेटाबेस निमूटपणे लिहून घेतो. वॅल मोड (बदल आधी शेजारच्या फाइलमध्ये लिहायची पद्धत) मात्र एकदा चालू केला की त्या फाइलपुरता कायम राहतो. त्यामुळे कोणी लिहीत असतानाही बाकीच्यांना वाचता येतं. लिहिणारा एका वेळी एकच, आणि पायथॉनची लायब्ररी आपल्या पाळीसाठी पाच सेकंद थांबते. चौदा माणसांसाठी हे पुरून उरतं.

१७ जुलै, गुरुवार

दादाच्या पानाला जेसन-सर्व्हरऐवजी माझा सर्व्हर जोडला. आधी कॉर्सनं (एका ठिकाणच्या पानानं दुसरीकडच्या सर्व्हरशी बोलायचे ब्राउझरचे नियम) अडवलं, मग आयडींनी.

कॉर्सबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण प्रत्येक नव्या प्रकल्पात याच दगडाला ठेच लागते. ब्राउझरच्या लेखी ओरिजिन म्हणजे स्कीम, होस्ट आणि पोर्ट या तिन्हींची जोड. दादाचं पान ५१७३ पोर्टवर आणि माझा एपीआय ८००० वर, म्हणजे दोन वेगळे ओरिजिन. लोकलहोस्ट आणि १२७.०.०.१ हेही वेगळेच धरले जातात. परवानगी सर्व्हर उत्तराच्या हेडरमध्ये देतो, पण अडवणूक करतो तो ब्राउझर. म्हणून टर्मिनलमधून कर्ल या कमांडनं पाठवलेली रिक्वेस्ट छान चालते आणि पानावर तीच अडते. जेसन पाठवणारी पोस्ट असेल किंवा ऑथरायझेशन हेडर असेल, तर ब्राउझर आधी ऑप्शन्स मेथडनं चौकशी करतो आणि मगच खरी रिक्वेस्ट सोडतो. मिडलवेअरमध्ये (रिक्वेस्ट आणि उत्तरं ज्यातून जातात त्या थरात) दादाच्या पानाचा नेमका ओरिजिन लिहिला. सगळ्यांना मुभा देणारी चांदणी (*) टाकली नाही.

तरी एका पानावर कॉर्सचा एरर येतच राहिला. अर्धा तास मी कॉर्सच्याच सेटिंगमध्ये शोधत होते. खरं कारण वेगळंच निघालं: माझ्या कोडमध्ये एका ठिकाणी एक्सेप्शन उडत होतं. न पकडलेल्या एक्सेप्शनचं ५०० (सर्व्हरमध्ये चूक) हे उत्तर कॉर्सच्या मिडलवेअरच्या बाहेरून जातं, त्यावर परवानगीचं हेडर नसतं, आणि ब्राउझर कॉर्सची तक्रार करतो. आता सवयच लावून घेतली आहे. कॉर्सचा एरर दिसला की आधी सर्व्हरचा लॉग बघायचा.

दुसरी अडचण. पुस्तकावर क्लिक केलं तरी ते निवडलं जाईना. जेसन-सर्व्हरच्या नव्या आवृत्तीत आयडी नेहमी स्ट्रिंग असतो, माझा सर्व्हर आकडा देत होता, आणि दादाच्या कोडमध्ये तुलना काटेकोर. करारात आम्ही ‘आयडी’ एवढंच लिहिलं होतं, प्रकार लिहिलाच नव्हता. आयडी स्ट्रिंग म्हणूनच द्यायचा ठरवलं. आयडीवर कोणी बेरीज-वजाबाकी करत नाही, आणि पुढे यूयूआयडीवर (अक्षरं असलेल्या लांब आयडींवर) जायचं झालं तर फ्रंटएंडला हात लावावा लागणार नाही.

१९ जुलै, शनिवार

ज्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या नियमाचा दिवस.

पहिलं कोड असं होतं: पुस्तकाची उघडी उसनवारी आहे का बघ, नसेल तर नवी लिही. ‘बघ’ आणि ‘लिही’ यांच्या मधल्या फटीत दुसरी रिक्वेस्ट शिरू शकते. दोघांनाही पुस्तक मोकळं दिसतं, दोघांचीही नोंद होते. शीटमध्ये जे घडत होतं तेच इथं. एक छोटी स्क्रिप्ट लिहून एकाच पुस्तकासाठी एकदम वीस रिक्वेस्ट सोडल्या आणि तीन उसनवाऱ्या झाल्या.

नियम कोडमधून काढून डेटाबेसमध्ये ठेवला. एसक्यूलाइटमध्ये अर्धवट इंडेक्स करता येतो, म्हणजे सगळ्या ओळींवर नाही, ठरावीक अट पूर्ण करणाऱ्या ओळींवरच. उसनवारीच्या टेबलावर पुस्तकाच्या आयडीचा युनिक (तोच आयडी दुसऱ्यांदा येऊ न देणारा) इंडेक्स केला आणि अट घातली: परतीची तारीख रिकामी असलेल्या ओळींपुरताच. जुन्या, मिटलेल्या उसनवाऱ्या कितीही असोत, उघडी एकच राहणार. आता कोड आधी बघत बसत नाही, थेट लिहितो. डेटाबेसनं नकार दिला तर तो पकडून ४०९ पाठवतो आणि वाक्यात सांगतो की पुस्तक आधीच गेलं आहे. तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवली: एक २०१ (नोंद झाली) आणि एकोणीस ४०९. ते बघून फार बरं वाटलं.

मग दादानं मोबाइलवर, नेटवर्क रडतखडत असताना करून बघितलं. त्याची रिक्वेस्ट पोहोचली, नोंद झाली, पण उत्तर परत येताना तुटलं. त्यानं पुन्हा बटण दाबलं आणि त्याला कळवण्यात आलं की पुस्तक आधीच गेलं आहे. गेलं होतं ते त्याच्याकडेच! पोस्ट पुन्हा पाठवली की पुन्हा काम होतं, पुट आणि डिलीटचं तसं नाही, हे पुस्तकात वाचलेलं होतं. हातात फोन घेतल्यावर त्याचा अर्थ कळला. आता ४०९ पाठवण्याआधी बघते की ती उघडी उसनवारी त्याच माणसाची आहे का. असेल तर तीच नोंद २०० (सगळं ठीक) बरोबर परत देते.

२० जुलै, रविवार

शीर्षकं अनुक्रमानं लावली तर ‘ळ’ भलत्या जागी आला. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे आहे. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो, आणि त्यामागून क्ष, ज्ञ. एसक्यूलाइट कोडच्या आकड्यांप्रमाणे लावतो, म्हणून त्याच्या यादीत ‘काळ’ आधी आणि ‘काव्य’ नंतर. ‘क्ष’ तर क, हलन्त आणि ष असा लिहिलेला असतो, त्यामुळे क्षनं सुरू होणारी शीर्षकं ‘क’च्या शेवटी जाऊन बसतात.

उपाय म्हणून पुस्तकाच्या टेबलात एक वेगळा कॉलम केला, फक्त क्रम लावण्यासाठी, कधीच न दाखवण्यासाठी. शीर्षक लिहिताना त्यात ळ, क्ष, ज्ञ यांच्या जागी दुसऱ्या खुणा टाकायच्या. पहिल्या प्रयत्नात मी युनिकोडच्या खासगी वापराच्या विभागातल्या खुणा घेतल्या. त्या फार पुढच्या आकड्यांच्या असल्यामुळे ‘कळ’ हे ‘का’, ‘की’, ‘कौ’ या सगळ्यांच्या मागे गेलं. व्यंजनांचे आकडे स्वरचिन्हांच्या आधी येतात म्हणूनच ‘कर’ हे ‘का’च्या आधी लागतं, आणि तो क्रम मी मोडला होता. ‘ह’ आणि काना यांच्या मध्ये चार कोड आहेत. त्यातले पहिले तीन घेतले. आमच्या शीर्षकांत ते कधी येत नाहीत, आणि त्या कॉलममध्ये ते नुसते क्रमांक म्हणूनच उभे आहेत. यादी बरोबर लागली.

शोधातही असंच एक निघालं. ‘कोपऱ्यात’ असं शोधलं तर एक पुस्तक सापडेना, आणि ते डोळ्यांसमोर यादीत होतं. तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: काही कीबोर्ड ‘ऱ’ला हलन्त लावतात, काही साध्या ‘र’ला हलन्त लावून मागे न दिसणारा जोडणारा कोड ठेवतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच, डेटाबेसला वेगळे. युनिकोडचं नेहमीचं एनएफसी नॉर्मलायझेशन या दोन रूपांना एक करत नाही. शीर्षक साठवताना आणि शोधाचा शब्द घेताना, दोन्ही ठिकाणी पहिल्या रूपात बदलायची ओळ लिहिली. मराठी मजकूर साठवणाऱ्या प्रत्येक प्रकल्पात ही ओळ लागेल, म्हणून वेगळ्या फाइलमध्ये ठेवली आहे.

२२ जुलै, मंगळवार

कोण रिक्वेस्ट पाठवतंय हे सर्व्हरला कळायला हवं. पासवर्ड ठेवायचे नाहीत हे आधीच ठरलं होतं. पासवर्ड आले की अर्गॉन२ किंवा बीक्रिप्टसारखं मुद्दाम संथ हॅशिंग (मूळ परत काढता येणार नाही असा ठसा बनवणं) आलं, ‘विसरलो’चं पान आलं, ईमेल पाठवणं आलं. चौदा ओळखीच्या माणसांसाठी प्रत्येकाला एक टोकन, म्हणजे ओळखीची गुप्त खूण, पुरे.

पायथॉनच्या सीक्रेट्स मॉड्यूलमधून ३२ बाइट्सचं टोकन बनवलं, त्याची ४३ अक्षरं होतात. डेटाबेसमध्ये टोकन नाही, त्याचा एसएचए-२५६ हॅश ठेवला. हे टोकन माणसानं सुचवलेलं नाही, अंदाजानं ओळखता येण्याजोगं नाही, म्हणून इथं जलद हॅश चालतो. पासवर्डला चालला नसता. प्रत्येकाला जी लिंक द्यायची तिच्यात टोकन # या चिन्हानंतर ठेवलं, कारण पत्त्याचा तो भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही आणि लॉगमध्ये उमटत नाही. दादाचं पान ते वाचून घेतं, साठवतं आणि पुढे ऑथरायझेशन हेडरमधून पाठवतं.

टोकन नसेल किंवा चुकीचं असेल तर ४०१. टोकन बरोबर पण दुसऱ्याचं पुस्तक खोडायला निघालात तर ४०३. दादा आधी दोन्हींना एकच समजत होता, पण पानावर त्यांचे परिणाम वेगळे आहेत: पहिल्यात लिंक पुन्हा मागायला सांगायचं, दुसऱ्यात नुसतं बटण लपवायचं.

२६ जुलै, शनिवार

सर्व्हर मंगळवारी रात्रीच एका फुकट होस्टिंगवर चढवला होता, तो आज उतरवला. तिथली डिस्क तात्पुरती होती. नवं कोड चढवलं की जुनी डिस्क जाते आणि तिच्यावरची एसक्यूलाइटची फाइलही. आज सकाळी एक किरकोळ दुरुस्ती चढवली आणि चौघांनी मन लावून भरलेली एकसष्ट पुस्तकं गेली. त्यांना प्रत्येकाला स्वतः फोन करून सांगितलं. होस्टिंगच्या माहितीत हे लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. एसक्यूलाइट घ्यायचं तर पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: सर्व्हर पुन्हा चालू झाल्यावर डिस्क तीच राहते का? राहत नसेल तर डेटाबेस वेगळ्या सेवेवर हवा.

एक लहानशी व्हर्च्युअल मशीन घेतली, तिची डिस्क टिकते. सिस्टमडीची एक छोटी फाइल लिहिली, म्हणजे प्रोग्रॅम पडला तर पुन्हा उभा राहतो आणि मशीन सुरू झाली की आपोआप चालू होतो. एपीआय १२७.०.०.१ वरच ऐकतो, बाहेरून थेट कोणी येऊ शकत नाही. पुढे कॅडी हा वेब सर्व्हर बसवलाय, तो सुरक्षित जोडणीसाठी लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट स्वतः आणतो आणि मुदत संपण्याआधी स्वतःच नवं करतो. दादाचं पानही त्याच डोमेनवर ठेवलं आणि एपीआय /एपीआय या पत्त्याखाली. ओरिजिन एकच झाल्यामुळे कॉर्सची गरजच उरली नाही, आता ते फक्त आमच्या लॅपटॉपवर लागतं. डेटाबेसच्या फाइलचा पत्ता आणि परवानगी असलेला ओरिजिन, दोन्ही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून येतात.

२७ जुलै, रविवार

कालचा घाव ताजा आहे, म्हणून आज फक्त बॅकअप.

फाइल सरळ कॉपी करून बघितली. वॅल मोडमध्ये ताज्या नोंदी आधी शेजारच्या वॅल फाइलमध्ये जातात आणि नंतर मुख्य फाइलमध्ये मिसळतात. नुसती मुख्य फाइल उचलली तर शेवटच्या नोंदी मागे राहतात, आणि कोणी लिहीत असताना उचलली तर प्रत बिघडूही शकते. त्याऐवजी ‘व्हॅक्यूम इनटू’ ही कमांड वापरली. ती चालू डेटाबेसची एक अखंड, नेटकी प्रत नव्या फाइलमध्ये काढून देते. क्रॉनमधून रोज रात्री, फाइलच्या नावात तारीख, मग ती प्रत दुसऱ्या मशीनवर.

मग ती प्रत माझ्या लॅपटॉपवर आणून सर्व्हर तिच्यावर चालवला आणि पुस्तकं मोजली. हे केल्याशिवाय मी त्याला बॅकअप म्हणणार नव्हते.

चौघांपैकी दोघांनी पुस्तकं पुन्हा भरली आहेत. उरलेल्या दोघांची मी आणि दादानं बसून भरली.

३ ऑगस्ट, रविवार

‘परत कधी देणार’ ही तारीख हवी अशी मागणी आली. नवा कॉलम, नवं फील्ड, ते ऐच्छिक. असलेल्या फील्डचं नाव बदललं नाही, काही काढलं नाही. कोणाच्या फोनवर जुनं पान उघडं असेल तर तेही चालत राहिलं.

तारखेनं मात्र एक घोळ केला. आमच्यातली एकजण यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) मागे असलेल्या टाइमझोनमध्ये राहते. तिला ही नवी तारीख एक दिवस आधीची दिसली. जावास्क्रिप्ट ‘२०२५-०८-१०’ अशी नुसती तारीख यूटीसीची मध्यरात्र म्हणून वाचतं, आणि तिच्या घड्याळात तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. करारात आता स्पष्ट लिहिलंय: घडलेली वेळ म्हणजे पुस्तक नेलं किंवा परत केलं, ती यूटीसीत, शेवटी यूटीसीची खूण असलेल्या झेडसकट. ठरवलेली तारीख म्हणजे नुसती तारीख. ती वेळ नाही आणि तिला वेळ म्हणून वाचायचं नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

दोन आठवडे सर्व्हरला हात लावावा लागला नाही. आज दादाच्या नव्या प्रकल्पाला एपीआय हवा होता: दुर्बिणीतून केलेल्या आकाशनिरीक्षणांची नोंदवही.

देवघेवच्या रिपॉझिटरीतून पुस्तकांचं सगळं काढून सांगाडा वेगळा केला. त्यात उरलं ते असं: रिक्वेस्टगणिक कनेक्शन देणारी फाइल, एररचा साचा, टोकनची तपासणी, मराठी मजकुराची फाइल, सिस्टमडी आणि कॅडीच्या फाइली, बॅकअपची स्क्रिप्ट, आणि एकदम वीस रिक्वेस्ट सोडणारी ती चाचणी. ‘सर्व्हर आणि डेटाबेस जिवंत आहेत का’ एवढंच सांगणारा /हेल्थ हा एंडपॉइंटही आहे.

सांगाड्यावरून नवा एपीआय चालू व्हायला चाळीस मिनिटं लागली, त्यातली तीस कागदावर. ढगांमुळे ज्या रात्री काहीच दिसलं नाही, ती रात्र निरीक्षण म्हणून नोंदवायची का? दादाचं म्हणणं, नोंदवायची, कारण नंतर मोजताना ‘बघितलंच नाही’ आणि ‘बघितलं पण दिसलं नाही’ यांत फरक करता यायला हवा. मला ते पटतं. पण मग रात्र हे वेगळं टेबल आणि निरीक्षणं तिच्याखाली, असं करावं लागेल. उद्या तो जुन्या वहीतल्या दहा रात्री घेऊन येणार आहे, त्या दोन्ही रचनांत भरून बघू. तोवर त्याला जेसन-सर्व्हर चालू करून दिलाय.